पोरांना वंशसंहारावर चित्र काढायला सांगा, पण कबुतर नको

ज्यांनी कधी शाळेच्या चित्रकला स्पर्धेचं परीक्षण केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. विषय ‘विश्वशांती’ असू दे, ‘सर्वधर्म समभाव’ असू दे नाहीतर ‘दहशतवादाचा निषेध’, गठ्ठा सोडून शीट्स टेबलावर पसरल्या की तेच ते. पृथ्वीचा गोळा, त्याला सांभाळणारे दोन हात, वर पांढरं कबुतर, चोचीत फांदी, डावीकडं काळा धूर आणि रणगाडा, उजवीकडं इंद्रधनुष्य, खाली फेटा-टोपी-पगडी-क्रॉसवाली चार पोरं हातात हात घालून. शेडिंग झकास असतंय, पोस्टर कलर कुठं ओघळलेला नसतो कारण लोअर-हायरच्या ड्रॉइंग परीक्षांसाठी हात घोटून घेतलेला असतो, आणि नंबर बहुतेक वेळा ज्याचं कबुतर चांगलं त्यालाच जातो. लायन्सवाल्यांची आंतरराष्ट्रीय पीस पोस्टर स्पर्धा १९८८ पासून चालू आहे, ११ ते १३ वयाच्या पोरांसाठी, जगभरातनं चित्रं येतात, आणि त्यातलीही बरीच बघितली तर कबुतराला देश नसतो एवढं कळतं.

आता इथल्या ड्रॉइंग शिक्षकांच्यात एक विषय निघालाय. बाहेरच्या देशांत शाळा-कॉलेजची पोरं वंशसंहार, सहिष्णुता, आशा असल्या विषयांवर चित्रं काढतात, भिंती रंगवतात, मातीची कामं करतात, त्याची प्रदर्शनं भरतात, तसं आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शाळांतनं करावं काय. काहीजण म्हणतात कशाला पोरांच्या डोक्यात मुडदे भरायचे, काहीजण म्हणतात आधी आमच्या मराठी शाळा टिकू द्यात मग जर्मनीचं बघू. माझं मत विचाराल तर करावं, जरूर करावं, खरं ज्या पद्धतीनं आपण शांततेची पोस्टरं करून घेतो तसंच करायचं असेल तर हातच लावू नये. त्यातनं काय निघणार ते आत्ताच दिसतंय. काटेरी तार, सांगाडे, एक रडणारी बाई, आणि तारेवर बसलेलं, परत, कबुतर.

वंशसंहार आणि पोरांची चित्रं म्हटलं की जगात सगळे टेरेझीनला जातात आणि मला वाटतंय बहुतेकजण तिथनं चुकीची गोष्ट घेऊन येतात. टेरेझीन हे प्रागच्या वरच्या बाजूचं जुनं किल्ल्याचं गाव, नाझींनी तिथं ज्यूंना कोंडलं आणि तिथनं पुढं आउशवित्झच्या मृत्युछावणीत रेल्वेनं पाठवलं. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाच्या चित्रकार बाईंना डिसेंबर १९४२ मध्ये तिथं आणलं. बाउहाउसमध्ये शिकलेल्या, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात भारी आर्ट स्कूलच्या. त्यांनी तिथल्या पोरांचे चित्रकलेचे तास घेतले, कागद मिळत नव्हता तर ऑफिसातले वापरलेले फॉर्म, पाठकोरे कागद, जे हाताला लागेल ते. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झला नेऊन मारलं. मागं दोन सुटकेसमध्ये पोरांची ४,५०० च्या आसपास चित्रं राहिली, ती आज प्रागच्या ज्यू म्युझियममध्ये आहेत. काढणारी बहुतेक पोरं जगली नाहीत.

ह्याच्यावरनं लोक काय काढतात तर बघा, नरकातसुद्धा मुलं फुलं आणि फुलपाखरं काढत होती, आशा कधी मरत नाही. हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. अहो पोरं मेली की. आशेनं त्यांना काही वाचवलं नाही, आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून ती चित्रं काढलेली नव्हती. त्या बाईंच्या वर्गात काय चालायचं ते बघितलं तर रेषेचे सराव, रिदम, कागद फाडून केलेले कोलाज, फुलदाणी, खिडकी, आठवणीतलं घर, जुन्या मोठ्या चित्रकारांच्या चित्रांचा अभ्यास, म्हणजे चांगल्या ड्रॉइंग क्लासात जे असतंय तेच, मन लावून. आणि एक गोष्ट, प्रत्येक पोराकडनं त्या कागदावर नाव घालून घ्यायच्या. आपल्याकडंपण सर ओरडतात, नाव, इयत्ता, रोल नंबर घाला म्हणून, मार्क देताना घोळ नको एवढाच उद्देश. तिथं माणूस म्हणजे रेल्वेच्या यादीतला एक आकडा झालेला होता, आणि तिथं नऊ वर्षाचं पोर चित्राच्या कोपऱ्यात स्वतःचं पूर्ण नाव घालतंय. हे ज्या पोराला शिकवता येईल त्याला आशा वेगळी शिकवायची गरज नाही असं माझं मत.

आणि आशेचं सजवलेलं चित्र तिथं कोणी काढलं माहिती आहे काय? नाझींनी काढलं. २३ जून १९४४ ला रेडक्रॉसची माणसं टेरेझीन बघायला येणार होती. त्याच्या आधी भिंतींना रंग दिला, बागा केल्या, मुलांसाठी खेळायची जागा, कॅफे, आणि पाहुण्यांसमोर मुलांचा ऑपेराही करून दाखवला. गाव फार गच्च दिसू नये म्हणून मे महिन्यातच ७,५०० माणसं आउशवित्झला पाठवून दिलेली. पाहुणे आले, फिरले, बरं आहे की इथं असा अहवाल लिहून गेले. त्याच गावात बेद्रिख फ्रिटा, लिओ हास, ओट्टो उंगार असे चित्रकार ऑफिसचं ड्राफ्टिंगचं काम करता करता चोरून खरी चित्रं काढत होते, रांगा, शवपेट्या, उपाशी म्हातारी माणसं. जुलैमध्ये त्यांना पकडलं, ‘भयानक प्रचार’ करतात म्हणून. म्हणजे कबुतरवाल्याला परवानगी आणि जे दिसतंय ते काढणाऱ्याला तुरुंग. आमच्या स्पर्धांत तुरुंग नसतो एवढंच, तिसरा नंबर पण मिळत नाही.

हेल्गा वाइसोव्हा म्हणून एक मुलगी त्याच टेरेझीनमध्ये होती, १९२९ चा जन्म, आली तेव्हा बारा वर्षांची. तिनं पहिल्यांदा पोरं बर्फाचा माणूस करतायत असं चित्र काढून दुसऱ्या बराकीतल्या वडलांकडं चोरून पाठवलं. वडलांचं उत्तर आलं, जे दिसतंय ते काढ. मग तिनं ते काढलं, पाणी भरायची रांग, खाटा, सामान वाहणारी माणसं. ती चित्रं तिच्या काकानं भिंतीत चिणून ठेवली म्हणून राहिली, आणि ती स्वतःपण राहिली. ड्रॉइंगच्या सगळ्या अभ्यासक्रमात जे नाही ते त्या वडलांनी एका ओळीत सांगितलं, आणि लक्षात घ्या, सांगितलं कुणाला तर बारा वर्षाच्या मुलीला. तेव्हा ‘पोरं लहान आहेत’ वाल्यांनी जरा थांबावं.

लहान पोरांना मुडदे दाखवा असं मी म्हणत नाही. उलट मुडदे काढूच नयेत असंच म्हणेन, निदान शाळेत तरी, कारण चौदा वर्षाच्या पोराला सांगाडा काढण्यात जे थ्रिल असतंय ते व्हिडिओ गेममधलंच असतंय आणि त्यातनं कुणाबद्दल काही वाटत नाही. दुःखी माणूस काढणं सोपं. त्या माणसाला तिथपर्यंत आणलं कुणी आणि कसं, ते काढायला लावा. तिथं पोर अडकतंय, विचार करतंय, सरांना विचारतंय. मला त्या अडकण्यात रस आहे.

कंबोडियात नॉम पेन्हला एस-२१ नावाचा तुरुंग होता, पोल पॉटच्या ख्मेर रूज ह्या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात, १९७५ ते ७९. ती इमारत मुळात हायस्कूल. वर्गांच्या कोठड्या झाल्या, पोरांच्या व्यायामाच्या खांबाला माणसं टांगली. १२,००० च्या वर माणसं आत गेली, जिवंत निघाली ती हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. त्यातला एक व्हान नाथ, पेंटर. पोल पॉटची पोर्ट्रेट काढता येतात म्हणून त्याला मारलं नाही. सुटल्यावर त्यानं आत जे जे झालं ते रंगवलं, साधं, जवळजवळ साइनबोर्ड पेंटरच्या पद्धतीनं, आणि २००९ मध्ये त्या तुरुंगाच्या प्रमुखाविरुद्ध कोर्टात साक्षपण दिली. आणि तो प्रमुख, ‘दुच’ (Duch) म्हणायचे त्याला, पूर्वी गणिताचा मास्तर. शाळेची इमारत, गणिताचा मास्तर, नीट टापटीप ठेवलेली कैद्यांची रजिस्टरं आणि फोटो. हे आमच्या नववी-दहावीच्या पोरांना सांगा आणि म्हणा, काढ आता. राक्षस काढता येणार नाही. मास्तर काढावा लागेल, चष्मा, हातात पेन, समोर वही. तो कसा काढायचा? दुष्ट दिसला पाहिजे काय? हा प्रश्न एकदा वर्गात पडला ना की मग मी तर म्हणेन चित्र पूर्ण नाही झालं तरी चालतंय.

रवांडाचं तसंच. १९९४ चे एप्रिल ते जुलै, शंभर दिवसांच्या आसपास, ८,००,००० च्या घरात माणसं मेली असा सर्रास दिला जाणारा अंदाज, बहुतेक तुत्सी समाजाची, आणि मारणाऱ्यांत हुतू समाजातले शेजारी, चर्चमधले, शाळेतले. त्याची तयारी मात्र फार जुनी. बेल्जियमच्या राजवटीत १९३० च्या दशकात ओळखपत्रं आली, त्यावर हुतू की तुत्सी ते लिहिलेलं. साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यावर तेच कार्ड बघून माणूस ठेवायचा की मारायचा ते ठरत होतं. आणि रेडिओ, आरटीएलएम नावाचा, गाणी, चेष्टामस्करी, एकदम लोकप्रिय, तुत्सींना झुरळं म्हणणारा. पोरांना हे फार लवकर कळतं कारण रेडिओच्या जागी त्यांच्याकडं फोन आहे आणि त्यावर कुणाला काय काय म्हणलं जातंय ते शिक्षकांपेक्षा त्यांना जास्त माहिती आहे. एक कार्ड काढ. एक रेडिओ काढ, घरात जेवायला बसलेत आणि रेडिओ चालू आहे. बास. किगालीच्या स्मारकात मुलांची एक खोली आहे, मोठमोठे फोटो, आणि खाली त्या पोराचं नाव, वय, आवडतं खाणं, आवडता खेळ, आणि शेवटी कसं मारलं ते. तिथंपण सांगाड्याच्या आधी आवडतं खाणं आहे, हे नीट बघा.

आता आपल्या गावाकडं येऊ, कारण मला खरं तर इथलंच बोलायचंय.

बेळगावची पोरं हिंसेवर कला करत नाहीत असं ज्याला वाटतं त्यानं शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला एकदा रात्रभर थांबून बघावं. वैशाखातली आपली शिवजयंती, गल्लीगल्लीची मंडळं, ट्रॉल्यांवर सजीव देखावे, अफजलखान वध, बाजीप्रभू, संभाजीराजांचे हाल. महिनाभर तालमी, कपडे, मेकअप, आवाज, लायटिंग, सगळं पोरंच करतात. मला ती मिरवणूक आवडते, नाक मुरडणाऱ्यांतला मी नव्हे, आणि आर्ट स्कूलात जे शिकवत नाहीत ते त्या ट्रॉलीवर शिकायला मिळतं हेही खरं. दिवाळीत दारात किल्ला करणारं पोर तेच मोठं होऊन चित्ररथावर चढतं. प्रश्न एवढाच की त्या सगळ्यात शत्रू हा ठरलेल्या कपड्यातला, ठरलेल्या चेहऱ्याचा असतो, आणि जखम नेहमी आपली असते. तिकडं कन्नड शाळेतलं पोर इंग्रजांशी लढलेले कित्तूर चन्नम्मा आणि संगोळ्ळी रायण्णा काढतंय, त्याच्याही चित्रात जखम त्याचीच. १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्याच्या स्थापनेच्या दिवशी, एकाच रस्त्यावर एकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्याचा काळा दिन, एकाच्या हातात लाल-पिवळा झेंडा आणि दुसऱ्याच्या दंडाला काळी फीत. डिसेंबर २०२१ मध्ये तिकडं बंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई ओतली आणि इकडं बेळगावात रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली. पुतळ्याला काय कळतंय. खरं दगड मारणारी पोरं किती वयाची होती ते आठवा.

म्हणून मला वाटतं हा विषय इथंच जास्त गरजेचा आहे, पुण्या-मुंबईपेक्षा. इथलं प्रत्येक पोर आपापल्या जखमेचं चित्र पाठ करून आलेलं असतं. त्याला अशी एक जखम काढायला द्यायची जी त्याची नाही, जिच्यात त्याची जात, भाषा, धर्म काहीच नाही, ज्यावर घरात कुणी भाषण केलेलं नाही. लांबची गोष्ट आहे म्हणून तर ती द्यायची. रवांडावर चित्र काढताना मराठी पोराला आणि कन्नड पोराला एकमेकांकडं रागानं बघायचं कारणच नाही, दोघं एकाच बाजूला बसून ‘हे कोण करूलालेत, का करूलालेत’ एवढंच विचारणार.

इथं एक धोका आहे आणि तो आपल्याच लोकांकडून आहे म्हणून स्पष्ट लिहितो. असा विषय दिला की कुणीतरी उठून म्हणणार, आमच्यावर कन्नडसक्ती होते हा पण वंशसंहारच, तेच काढा. आपल्या भाषणांतनं ‘नाझी’, ‘हिटलरशाही’ हे शब्द पानाला चुना लावल्यासारखे येतात. सीमाप्रश्नाची बाजू मी मांडत आलोय आणि मांडणार, मराठीतनं परिपत्रकं मिळावीत, उतारे मिळावेत, शाळा टिकाव्यात ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. १७ जानेवारी १९५६ आणि १ जून १९८६ चे सीमालढ्यातले हुतात्मे आमचे आहेत, हिंडलग्याच्या स्मारकावर आम्ही जातो. खरं संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ ला वंशसंहाराचा जो करार केला त्यात एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह पूर्ण किंवा काही अंशी नष्ट करायचा हेतू लागतो, आणि भाषा-संस्कृती दडपण्याचं कलम मसुद्यात होतं ते चर्चेत गळालं. ते गळायला नको होतं असं कुणी म्हणू शकतो, वाद घालू शकतो. पण दुकानाच्या पाटीवरनं झालेल्या भांडणाला आउशवित्झच्या शेजारी बसवलं की आउशवित्झपण लहान होतं आणि आपली पाटीपण खोटी वाटायला लागते. १७ जानेवारीला आपला हुतात्मा दिन, २७ जानेवारीला आउशवित्झ मुक्त झाल्याचा दिवस, मध्ये फक्त दहा दिवस आहेत, शाळेला दोन्ही पाळता येतात, दोन वेगळ्या चित्रांनी.

आणि ‘हिटलर’ वरनं आठवलं, प्रत्येक शाळेत एक तरी हिटलर सर असतोय, पोरं प्रेमानं म्हणतात. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगात त्याचं आत्मचरित्र मराठीत मिळतं आणि घेणारा म्हणतो, काही म्हणा, माणसात शिस्त होती. सीबीएसईच्या नववीत कितीतरी वर्षं नाझीवादावर आख्खा धडा शिकवलाय, पोरं पाच मार्कांचं उत्तर लिहून येतात आणि बाहेर येऊन तेच म्हणतात. पाठांतरानं जे होत नाही ते चित्रानं होईलच असं नाही, खरं हातानं तास-दोन तास एखाद्याचा चेहरा काढत बसलेलं पोर त्याला झुरळ म्हणायला जरा वेळ लावतं असा माझा अंदाज आहे. अंदाजच.

लांबचं काढून झालं की मग जवळचं. आणि जवळ काही कमी नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतर कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ब्राह्मणांची घरं जाळली, आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ‘अठ्ठेचाळीसची जाळपोळ’ म्हणून येतं आणि लगेच विषय बदलला जातो. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादचा पोलीस ॲक्शन. सीमाभाग म्हणजे फक्त बेळगाव नव्हे, बिदर-भालकीपण. तिथल्या रझाकारांच्या अत्याचाराच्या गोष्टी आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय आणि त्या खऱ्याच आहेत. पण पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा ह्या भागात मुसलमानांची जी कत्तल झाली, ज्याबद्दल सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं २७,००० ते ४०,००० माणसं मेली असा अंदाज दिला, ते मात्र बहुतेकांनी ऐकलेलंच नाही, कारण तो अहवाल कितीतरी वर्षं बाहेरच आला नाही. ह्याला वंशसंहार म्हणायचं की नाही ते कायदेवाले बघतील. मला एवढंच माहिती आहे की मराठी पोरानं रझाकार तर काढलाच पाहिजे, खरं त्याच शीटवर नाहीतर पुढच्या शीटवर १९४८ च्या त्या कत्तलीत प्रेतं टाकलेली विहीरपण काढता आली पाहिजे. जो वर्ग हे दोन्ही काढून घेईल त्या वर्गाच्या सरांना फोन येतील, हेडमास्तरांना भेटायला माणसं येतील, हे मला कळतंय. म्हणून तर लांबच्यापासनं सुरुवात करा म्हणतोय.

आशेचं काय मग, असं कुणी विचारेल. आशा पाहिजे तर गांधीनगरला जा. निपाणीपासनं बेळगावपर्यंतची माणसं लग्नाचा बस्ता घ्यायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात, होलसेल कापड. ती जागा म्हणजे वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पूर्व पोलंडातनं लाखो माणसं उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडं नेली, त्यातली वाचलेली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि १९४३ ते ४८ ह्या काळात जवळजवळ ५,००० पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, ह्या वळिवड्याच्या कॅम्पात राहिली. त्यांच्या शाळा होत्या, नाटकं व्हायची, स्काउट होते. आजपण कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, बाकड्यावर भेळ खाणाऱ्या माणसाला विचारा कशाचा आहे म्हणून, सांगेल तर शपथ. ती माणसं गेल्यावर त्याच कॅम्पात फाळणीतनं पळून आलेले सिंधी आले आणि त्यांनी कापडाचा बाजार उभा केला. म्हणजे एकाच्या पळण्याच्या जागेवर दुसरा पळून आलेला बसला, आणि तिसरा, म्हणजे आपण, तिथं शालू घेतो. ह्यात कबुतर कुठं बसवणार? बसत नाही. बराक आहे, कापडाची गाठ आहे, घासाघीस आहे. हे काढा की.

सहिष्णुतेचं तसंच. फेटा-टोपी-पगडी-क्रॉसवाली चार पोरं हातात हात घालून उभी राहतात ते फक्त कार्डशीटवर. प्रत्यक्षात बेळगावात सहिष्णुता कुठं दिसते तर बाजारात, जिथं बाई मराठीत भाव विचारते, विकणारा कन्नडमध्ये सांगतो, हिशेब उर्दू-हिंदीत होतो आणि कुणाला काही वाटत नाही. आणि ती कुठं संपते तर भाड्याची खोली बघायला गेल्यावर. आडनाव विचारलं जातं, मग ‘घरी विचारून सांगतो’. हा प्रसंग माहिती नसलेलं पोर वर्गात एकही नसेल, एकतर त्याच्या घरच्यांनी खोली दिलेली नसते नाहीतर त्याच्या घरच्यांना मिळालेली नसते. त्याला तो जिना, ते दार, ते अर्धं उघडं दार काढायला सांगा. ‘सर्वधर्म समभाव’ असं मथळ्यात लिहू नका, फक्त दार.

गाझाचं विचारतील पोरं, विचारणारच. दक्षिण आफ्रिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये इस्रायलविरुद्ध वंशसंहाराचा दावा आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलाय, तो करारही तोच १९४८ चा, ज्यूंच्या संहारानंतर झालेला. एखादं पोर म्हणेल ७ ऑक्टोबरला हमासनं मारलेली माणसं काढतो, दुसरं म्हणेल काश्मिरी पंडित काढतो, तिसरं म्हणेल १९८४ चे शीख. सरांनी घाबरून ‘हे राजकारण आहे, वेगळं काहीतरी काढ’ म्हणू नये. एकच अट ठेवावी, जे काढशील त्याबद्दल एक पान वाचून ये, आणि ज्यांना मारलं त्यांच्यातला निदान एक माणूस असा काढ ज्याचं नाव, काम, आवडतं खाणं तुला सांगता येईल. नुसता झेंडा आणायचा नाही. ह्या अटीवर निम्मी भांडणं आपोआप गळतात, आणि उरलेली झाली तर वर्गात होऊ देत, रस्त्यावर होण्यापेक्षा बरी.

करायचं कसं म्हणाल तर फार खर्चाचं काही नाही. रंग कमी द्या, पेन्सिल, कोळसा, जुनी वर्तमानपत्रं आणि शाळेचे बाद झालेले फॉर्म. नंबर काढू नका, मार्क नको, सर्टिफिकेट द्यायचंच तर सगळ्यांना द्या. मराठी, कन्नड, उर्दू माध्यमाची पोरं जोडीनं बसवा. टिळकवाडीत के. बी. कुलकर्णींच्या नावाचं कलादालन आहे, आयुष्यभर माणसांचे चेहरे रंगवलेला माणूस, त्यापेक्षा योग्य भिंत ह्या गावात दुसरी नाही. पाटी कुठल्या भाषेत लावायची ह्यावरनं वाद होईल, तर कायदा ६० टक्के कन्नड म्हणतो, ती वर मोठी लावा, खाली मराठी, उर्दू, इंग्रजी, तेवढ्यासाठी प्रदर्शन अडवायचं नाही. आणि उद्घाटनाला पुढाऱ्याला बोलवायचंच असेल तर दोन्हीकडच्यांना बोलवा, माइक मात्र पोरांच्या हातात द्या, चित्रापुढं उभं राहून ज्यानं त्यानं आपलं सांगायचं, पुढाऱ्यानं ऐकायचं. शीटचा एखादा भाग कुणी कोरा ठेवला तर ‘अपूर्ण’ असा शेरा मारायच्या आधी त्याला विचारा का ठेवलास म्हणून.